क्रेनच्या हुकावर टांगलेला डबा

नियुए हे नाव उच्चारलं की इंग्लंडात ब्रॅकनेलला राहणारे आमचे मित्र आधी "काय?" असं विचारतात आणि मग फोन काढून नकाशा मोठा करत बसतात. तो कितीही मोठा केला तरी बराच वेळ नुसतं निळंच दिसतं. मग पॅसिफिकच्या मधोमध एक टिंब येतं. त्या टिंबावर आम्ही नऊ दिवस होतो. तिथे काय पाहिलंत असं कोणी विचारलं की मी देवमासे, गुहा, काचेसारखं पाणी वगैरे सांगतो. खरं सांगायचं ते एका स्टीलच्या डब्याबद्दल आहे. पण ते पार्टीत उभ्याउभ्या सांगून संपत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही म्हणजे मी आणि मेधा. मेधा सव्वीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांमध्ये भूलतज्ज्ञ होती. मी ब्रॅकनेलच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होतो, म्हणजे इतरांनी केव्हा काय करायचं याचे तक्ते बनवत होतो. सेलिंगचं वेड तिचं. सई, आमची मुलगी, शाळेत असताना मेधाने दक्षिण किनाऱ्यावरच्या हॅम्बलला वीकेंड कोर्स केला आणि तिथून परतली ती वेगळीच बाई होऊन. पुढे अडतीस फुटांची एक जुनी शिडाची बोट घेतली. नाव ठेवण्याचा मान तेवढा मला मिळाला आणि मी 'वामकुक्षी' ठेवलं. रेडिओवर ते नाव इंग्रज माणसाला एकेक अक्षर करून सांगताना आमचं निम्मं आयुष्य गेलं.

निवृत्त झाल्यावर मेधाने एकच गोष्ट मागितली. हॅम्बलपासून ऑकलंडपर्यंत आपल्या बोटीने जायचं, एकही मैल न गाळता. विमान नाही, फेरी नाही, कोणाच्या बोटीवर बसून जाणं नाही. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक जसा एक टप्पाही सोडत नाहीत, तसं काहीसं. "तू येणार का?" असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बघू." माझं सगळ्याला तेच उत्तर असतं. लग्नाला होकार देतानाही मी "बघू" म्हटलं होतं, असं तिच्या माहेरी अजून सांगतात.

बोटीवर कॅप्टन ती आणि स्वयंपाकी मी. यामागे इतिहास आहे. पहिल्याच वर्षी हॅम्बलच्या मरीनात बोट जागेवर लावताना सुकाणू माझ्याकडे होतं आणि मी ती शेजारच्या चकचकीत बोटीच्या अंगावर घातली. मोठं काही झालं नाही, एक लांब ओरखडा. पण त्या बोटीचा मालक हातातल्या मगमधला चहा पीत माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून बोट बंदरात लागताना किंवा सुटताना मी सुकाणूला हात लावला नाही. भर समुद्रात सुकाणूवर पाळी करायचो, मेधा सांगेल ती दोरी ओढायचो, आणि किनारा दिसला की कांदा चिरायला खाली जायचो.

बोयावर

बोरा बोराहून निघालो ते दहाव्या दिवशी सकाळी नियुएला पोचलो. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला प्रवाळाचा एक सपाट कडा. वाळूचा किनारा जवळजवळ नाहीच, खाडी नाही, बंदर नाही. तळ इतका खोल आणि खडकाळ की नांगर धरत नाही. म्हणून पश्चिमेच्या बाजूला पाण्यात बोये सोडले आहेत, त्यांना बोट बांधायची. वारा पूर्वेचा असतो तोवर बेटाच्या आडोशाला सगळं छान. वारा पश्चिमेचा झाला की तो बोटींना त्याच कड्यावर ढकलतो आणि सगळ्या बोटींना निघून जावं लागतं. हे मेधाने मला तीनदा समजावलं आणि मी तीनदा मान हलवली.

पाणी असं की वीस-पंचवीस मीटर खालचे मासे मोजता यावेत. पहिल्या संध्याकाळी मी कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या उघड्या बैठकीत, भाजी निवडत होतो तेव्हा बोटीच्या अगदी जवळ कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला. मला वाटलं मेधा. बघतो तर एक देवमाशी आणि तिचं पिल्लू. पिल्लूच आमच्या बोटीच्या निम्मं होतं. आई पुन्हा एकदा श्वास सोडून खाली गेली आणि त्या फवाऱ्याचा माशासारखा उग्र वास आमच्या मेथीवर आला. मेथी मी कॉकपिटमधल्या ट्रेमध्ये वाढवली होती. तिची तेवढीच चार पानं होती, म्हणून धुऊन वापरली.

बोयाभोवती काळे-पांढरे पट्टे असलेले समुद्रसाप पोहत असतात. विषारी, पण स्वभावाने गरीब, असं शेजारच्या बोटीवरच्या ग्रॅहॅमने सांगितलं. ग्रॅहॅम आणि त्याची बायको पॅम न्यूझीलंडचे, वीस वर्षं समुद्रावर राहणारे. "तोंड फारच छोटं असतं त्यांचं," तो म्हणाला, "तुमची करंगळी तोंडात दिलीत तरच चावतील." करंगळी देण्याचा माझा विचार नव्हताच.

आलोफीचा धक्का

किनाऱ्यावर उतरणं हा नियुएचा खरा खेळ. गावाचं नाव आलोफी. तिथे एक काँक्रीटचा धक्का आहे आणि लाटा त्याला सारख्या ढुशा देत असतात. बोटीपासून किनाऱ्यापर्यंत जायची छोटी रबरी डिंगी तिथे बांधून ठेवली तर तासाभरात फाटेल. म्हणून धक्क्यावर क्रेन आहे. एकाने डिंगीतून पायऱ्यांवर उडी मारायची, वर जाऊन बटण दाबून हुक खाली सोडायचा. दुसऱ्याने डिंगीच्या दोऱ्या हुकात अडकवायच्या आणि मग त्यानेही पायऱ्यांवर उडी मारायची. वरच्याने परत बटण दाबलं की डिंगी हवेत उचलली जाते. तिला गाड्यावर ठेवून ढकलत पार्क करायचं. हाउन्सलोच्या सुपरमार्केटमध्ये मी याहून अवघड पार्किंग केलं आहे, पण तिथे पायऱ्या वरखाली होत नाहीत.

पायऱ्यांशी एक जाड दोर लटकतो. लाट वर आली की दोन्ही हातांनी तो धरायचा आणि पाय टाकायचा. मेधाचा बोटीवरचा पहिला नियमच तो होता, की कुठल्याही क्षणी एक हात कामाला आणि एक हात स्वतःला धरायला. धक्क्यावर मात्र दोन्ही हात स्वतःला.

गावात सगळे सगळ्यांना हात करतात. गाडीतून जाणारा माणूस अनोळखी माणसालाही हात करतो. पहिल्या दिवशी मला वाटलं आमचं काहीतरी चुकलंय म्हणून ते थांबवताहेत. ब्रॅकनेलला आमच्या शेजारच्या घरातल्या माणसाशी अकरा वर्षांत आमचं जे काही बोलणं झालं ते कचऱ्याची निळी बिन या आठवड्यात की पुढच्या, एवढंच. इथे तिसऱ्या दिवशी आम्ही इतके हात केले की माझा खांदा दुखायला लागला.

पहाटेच्या बाजारात लुपेताई भेटल्या. साठीच्या, धिप्पाड, डोक्यात जास्वंद, समोर अळकुड्यांचा ढीग. तिथल्या अळकुड्या आपल्यासारख्या लिंबाएवढ्या नसतात, चांगल्या नारळाएवढ्या असतात. नाव लुपे, 'ताई' मी आपल्या मनाने लावलं आणि त्यांना ते आवडलं. अळूच्या पानांचं तुम्ही काय करता, असं मी विचारलं. नारळाच्या दुधात शिजवतो, त्या म्हणाल्या. आम्ही चिंच, गूळ आणि बेसन लावून वड्या करतो, असं मी सांगितलं तेव्हा मागची रांग खोळंबली तरी त्यांनी मला सगळी कृती दोनदा सांगायला लावली. शेवटी म्हणाल्या, "संडे. चर्च, मग माझ्या घरी जेवण. तुम्ही दोघं."

रविवार

रविवारी नियुए बंद असतं. मासेमारी नाही, बोटी नाहीत, मोठा आवाज नाही. सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत आणि टोप्यांत चर्चला जातं. आम्ही धर्माने तिकडचे नसलो तरी आमंत्रणाने होतो, म्हणून मी इस्त्री नसलेला पण धुतलेला कुर्ता घातला.

आणि आता माझी चूक. कोणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं आहे की मी हॉस्पिटलात पेशंटला भेटायला जातानाही डबा घेऊन गेलेलो आहे. शनिवारी दुपारभर घामाघूम होऊन मी नारळाच्या वड्या केल्या. "नारळाच्या बेटावर नारळाच्या वड्या?" मेधा म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. वड्या कडीच्या स्टीलच्या डब्यात भरल्या. लग्नात मावशीने दिलेला, आमची दोघांची नावं कोरलेला डबा. पुण्यातून ब्रॅकनेलला आणि ब्रॅकनेलहून इथवर आलेला.

डिंगीतून धक्क्याशी गेलो. मी आधी उडी मारली, वर जाऊन हुक खाली सोडला. मेधाने दोऱ्या अडकवल्या.

"डबा इथेच राहू दे," ती खालून ओरडली. "क्रेनने डिंगीबरोबर येईल वर."

"अगं, आडवा होईल! वड्यांचा भुगा होईल. हातात घेऊन ये ना, एवढासा तर आहे."

"नितीन..."

"अगं, दोन पायऱ्यांचा प्रश्न आहे!"

तिने डाव्या हातात डबा घेतला. उजव्या हाताने दोर धरला, पाय टाकला आणि तेवढ्यात लाट खाली गेली. शेवाळावरून तिचा पाय निसटला. ती उजव्या हातावर पडली. तो आवाज मला वर ऐकू आला, आणि तो कसला आवाज आहे हे तिला माझ्याआधी कळलं.

डबा मात्र तिने डाव्या हातात सरळ धरून ठेवला होता. एक वडी सांडली नाही. खालची कड तेवढी पायरीवर आपटून चेपली.

"फ्रॅक्चर आहे," ती शांतपणे म्हणाली. पेशंटबद्दल बोलावं तशी. "मनगट. घे तुझा डबा."

मला त्या क्षणी तो डबा समुद्रात भिरकावून द्यावासा वाटला. रस्त्यावरून चर्चला जाणारे दोन पुरुष टोप्या काढून धावत खाली आले आणि त्यांनी तिला अलगद वर घेतलं. लुपेताई कुठून आल्या माहीत नाही. "आधी डॉक्टर, मग जेवण," म्हणाल्या, माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि आम्हाला गाडीत घातलं.

छोट्याशा हॉस्पिटलात फिजीहून आलेला तरुण डॉक्टर होता. त्याने एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात वापरायचा नाही म्हणाला. मेधाने त्याला तीन उलटे प्रश्न विचारले, त्याने तिन्हींची बरोबर उत्तरं दिली, मग तिने वाद घालणं सोडलं. मेधाने वाद सोडला की मला भीती वाटते.

जेवायला आम्ही दोन तास उशिरा पोचलो. सगळं कुटुंब थांबलं होतं. जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर शिजवलेलं जेवण होतं. अळकुड्या, मासे, डुक्कर (ते आम्ही घेतलं नाही, कोणी आग्रह केला नाही) आणि ताकिही नावाचा एक प्रकार. अळकुडी आणि पपईचे पातळ काप नारळाच्या दुधात पानात बांधून भाजतात. गोड, मऊ, धुराचा हलका वास. मेधाला डाव्या हाताने जेवावं लागलं. "आईने पाहिलं असतं तर हातावर चापट मारली असती," ती म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. वड्या पाच मिनिटांत संपल्या. डबा तिथेच राहिला, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परत येताना त्या दोघा पुरुषांनी तिला उचलूनच डिंगीत ठेवलं. संध्याकाळी सईला मँचेस्टरला व्हिडिओ कॉल लावला. चेहरा येत होता, जात होता.

"बाबा, पण तू आईला डबा का दिली? तिचा हात फ्री पाहिजे ना!"

"दिला," मी सवयीने म्हटलं.

"व्हॉटेव्हर, बाबा! आयडिया कोणाची होता?"

मी म्हटलं, माझी होती. तिकडून ती एकदम मऊ झाली आणि तेवढ्यात कॉल तुटला.

सोमवार

सकाळी ग्रॅहॅम हवामानाचा नकाशा घेऊनच आला. बुधवारी रात्रीपर्यंत वारा पश्चिमेचा होणार. सगळ्या बोटी मंगळवारी दुपारच्या आत निघणार, बहुतेक टोंगाला. साधारण अडीचशे मैल, दोन दिवस.

त्याने चहा घेतला आणि सरळ मुद्द्यावर आला. "उद्या दुपारी ऑकलंडचं विमान आहे. मेधा, तू त्यात बस. माझी बोट पॅम एकटी नेईल, ती माझ्यापेक्षा बरी आहे. मी आणि नितीन ही बोट टोंगाला नेतो. मोडक्या हाताच्या माणसाला घेऊन त्या हवेत जायची जबाबदारी मी घेणार नाही. सॉरी."

त्याचं एक अक्षरही चूक नव्हतं. फक्त, ती विमानात बसली की हॅम्बलपासूनची साखळी तुटणार होती. दोन वर्षं, निम्मं जग. आणि ती तुटणार होती माझ्या नारळाच्या वड्यांपायी.

ग्रॅहॅम गेला. मेधा प्लास्टरकडे बघत बसली होती.

"तो बरोबर सांगतोय," ती म्हणाली. "सेन्सिबल ऑप्शन तोच आहे. दुसरा ऑप्शन म्हणजे तू. मी कॉकपिटमध्ये बसेन, पण दोरीला हात लावू शकणार नाही. पेनकिलर घेतल्यावर डोकं चालेलच असंही नाही. बोट तुला चालवावी लागेल. निघताना, वाटेत आणि तिकडे धक्क्याला लावताना. सगळं."

"हं."

"मी नाही सांगणार काय करायचं ते. तू विचारलंस तरच बोलेन. नाहीतर मी पॅनिक होते आणि मग तूही होतोस. जमेल तुला?"

माझ्या ओठांवर "बघू" आलं होतं.

"'बघू' म्हणू नकोस, प्लीज. वारा थांबणार नाहीये."

मला हॅम्बलचा तो मग हातात घेतलेला माणूस आठवला. मला भीती वाटत होती हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो. पण त्याहून जास्त भीती तिला विमानाच्या जिन्यावर चढताना बघण्याची वाटली.

"जमेल," मी म्हटलं.

"मग नकाशा काढ," ती म्हणाली.

तक्ते बनवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. त्या दिवशी मी वहीची चार पानं भरली. बोया कसा सोडायचा, वारा वाढला तर कधी शीड आखडायचं, कोणती दोरी कुठे जाते. मग प्रत्येक गोष्ट बांधलेल्या बोटीवरच करून पाहिली, आठ-आठ वेळा. मेधा बघत होती आणि दातांवर दात दाबून गप्प बसत होती. तिच्यासाठी ते मनगटापेक्षा जास्त दुखणारं होतं.

मंगळवार

परवानगीचे कागद करायला मला एकट्यालाच किनाऱ्यावर जायचं होतं. समुद्राची उचल वाढली होती. वर जाऊन हुक सोडणारा दुसरा माणूस नव्हता, तेव्हा धक्क्यावरच्या एका कोळ्याने हुक सोडला, मी दोऱ्या अडकवल्या, लाट वर येईतो थांबलो, दोन्ही हातांनी दोर धरला आणि पायरीवर गेलो. हातात काहीही नव्हतं. कागद कुर्त्याच्या आत होते.

परत निघालो, डिंगी पाण्यात उतरली, मी उडी मारून बसलो, हुक सोडवला. इंजिन चालू करणार तोच वरून हाक आली. लुपेताई धावत येत होत्या, त्यांच्या धिप्पाड शरीराला जमेल तेवढ्या जोरात. हातात आमचा डबा.

"थांब!"

त्या पायऱ्या उतरायला लागल्या तसा मी खालून किंचाळलो, "नो, नो, नो! पायऱ्या नको! ताई, प्लीज!" एका बाईचा हात त्या डब्यापायी मोडला होता, दुसऱ्या बाईचा मला मोडायचा नव्हता.

त्या थांबल्या. डब्याकडे पाहिलं, क्रेनकडे पाहिलं. मग शांतपणे डब्याची कडी क्रेनच्या हुकात अडकवली आणि बटण दाबलं. बोटी उचलणारी ती अवाढव्य क्रेन घरघरली आणि तिच्या टोकाला लटकलेला आमचा एवढासा डबा, मेधा-नितीन अशी नावं कोरलेला, उन्हात चमकत हळूहळू खाली येऊ लागला. धक्क्यावरचे सगळे हसत होते. मी दोन्ही हात वर करून उभा होतो. डबा माझ्या हातात आला तेव्हा गरम होता.

"रिकामा कसा देणार?" वरून लुपेताई ओरडल्या. "आमच्यात देत नाहीत!"

आमच्यातही देत नाहीत, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, म्हणून मी नुसता हात केला, नियुएच्या पद्धतीने. बोटीवर येऊन डबा मेधाच्या मांडीवर ठेवला. आत ताकिही होतं, काठोकाठ.

मग बोया सोडला. ग्रॅहॅम आपल्या बोटीच्या नाकाशी रबरी फेंडर धरून उभा होता, मी त्याच्या अंगावर गेलो तर मध्ये घालायला. मी पुढे जाऊन दोरी मोकळी केली, मागे धावत आलो, बोट वाऱ्याने आपली आपण मागे सरकेपर्यंत थांबलो. घाई केली नाही. मग इंजिन, सुकाणू, आणि आम्ही ग्रॅहॅमपासून चांगले दोन बोटींचं अंतर राखून बाहेर पडलो. त्याने फेंडर खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. बोटी सोडताना टाळ्या पडतात हे मला माहीत नव्हतं.

समुद्रात

बुधवारी दुपारी मेधा पेनकिलर घेऊन खाली झोपली होती. मी सुकाणूशी होतो. वायव्येला आभाळ शाईसारखं झालं आणि पाण्यावर एक पांढरी रेघ आमच्याकडे पळत यायला लागली. तिला उठवायचं की नाही? वहीत लिहिलं होतं, शीड आखडायचा विचार आला की लगेच आखड. विचार आला होता. मी सेफ्टीची दोरी कमरेला अडकवून डोलकाठीशी गेलो आणि सोमवारी आठ वेळा केलं ते नवव्यांदा केलं. फरक एवढाच की आता डेक उभा-आडवा होत होता आणि मी मोठ्याने स्वतःला सूचना देत होतो, मराठीत, शिव्यांसकट. शीड निम्मं झालं आणि मिनिटभरात झोत आला. पाऊस आडवा मारत होता. बोट कलली, थरथरली, आणि मग व्यवस्थित पळायला लागली. मी ओरडत होतो. घाबरून ओरडत होतो की आनंदाने, ते आता सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

अर्ध्या तासाने सगळं गेलं. मेधा वर आली, केस विस्कटलेले. तिने शिडाकडे पाहिलं, ओल्या डेककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काही झालं का?"

"नाही. थोडा पाऊस."

"उठवायचं ना मला!"

"वामकुक्षी चालू होती," मी म्हटलं.

ती माझ्या शेजारी बसली. आम्ही डबा उघडला आणि उरलेलं ताकिही खाल्लं, ती डाव्या हाताने, मी उजव्या, कारण दुसरा सुकाणूवर होता. वारा दक्षिणेचा झाला होता, गार आणि सरळ. टोंगात बाहेरचं अन्न नेता येत नाही, म्हणून डबा समुद्राच्या पाण्याने स्वच्छ धुऊन ठेवला.

नेयाफू

टोंगाला पोचलो तेव्हा आमचा गुरुवार होता आणि त्यांचा शुक्रवार, कारण मध्ये तारखेची रेषा पडते. हिरव्या टेकड्यांमधून वळत वळत आत गेलो. नेयाफूच्या सरकारी धक्क्याला बोट लावायची होती. काँक्रीट, गंजके खिळे आणि वर रांगेत बसून बघणारी पंधरा-वीस माणसं. एकाच्या हातात मगही होता.

मेधाने काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी फेंडर आधीच बांधले होते. हळू आणली, आणखी हळू, शेवटी इतकी हळू की बोट धक्क्याला टेकली तेव्हा मला कळलंही नाही. वरच्या मगवाल्याने मग खाली ठेवून आमची दोरी घेतली.

कस्टम्सचा ऑफिसर बोटीवर आला, कॉकपिटमध्ये बसला आणि फॉर्म पुढे केला. मी पेन घेऊन बोटीचं नाव लिहिलं, झेंडा लिहिला, कुठून आलो ते लिहिलं. 'कॅप्टनचं नाव' या रकान्यात सवयीने मेधाचं पहिलं अक्षर लिहायला लागलो.

"थांब," ती म्हणाली.

तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. डाव्या हातात. फॉर्म प्लास्टरने दाबून धरला आणि बालवाडीतल्या मुलासारखं, जीभ जराशी बाहेर काढून, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत माझं नाव लिहिलं. एकेक अक्षर. मिनिटभर तरी लागलं असेल. ऑफिसर थांबला. मला पुढचं काही दिसेना, म्हणून मी शिडाकडे बघत राहिलो.

त्याने फॉर्म घेतला, वाचला, शिक्का मारला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "वेलकम, कॅप्टन."

"ऐकलंत?" मेधा म्हणाली. "आता चहा टाका, कॅप्टन. आणि यांनाही द्या. आपल्याकडून रिकामं कोणी जायला नको."